फोन काढून घेतला की पोरं बोलायचीच बंद होतात

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलच्या टीचरनी पत्र पाठवलंय. नाव-गाव देऊ नका म्हणाल्यात, ते बरोबरच आहे. पत्र मोठं आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथं देते.

"मी आठवी ते दहावीला मराठी शिकवते. गॅदरिंगला आठवीतल्या एका मुलीनं डान्स केला, त्यातला फोटो घेऊन कुणीतरी तिच्या नावानं इन्स्टावर अकाउंट काढलं आणि त्यावरनं वरच्या वर्गातल्या पोरांना नको तसले मेसेज पाठवले. मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही, घरी पोट दुखतंय म्हणून सांगत होती. नंतर कळालं की आमच्याच नववीतल्या मुलानं केलंय. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की सगळ्या पालकांना सांगायचं, एसएसएलसी म्हणजे दहावी होईपर्यंत पोरांच्या हातात मोबाईल द्यायचा नाही, आणि त्या मुलाला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावायची. हेडमास्तर मला म्हणाले, तुम्ही एक तास मोबाईलच्या दुष्परिणामांवर बोला. मला स्वतःलाच फोनमधलं निम्मं कळत नाही. पोरांना काय सांगू? आणि तक्रार द्यायची झाली तर कशात लिहून देऊ, माझं कन्नड कामापुरतंच आहे."

टीचर, व्याख्यानाचं नंतर बघू, आधी मुलीचं. ते अकाउंट अजून चालू असेल तर आजच तिच्या आईला नाहीतर वडलांना बोलावून घ्या आणि रिपोर्ट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा. त्यात अकाउंटचं युजरनेम दिसलं पाहिजे, नुसता फोटो नको, मेसेज आलेल्या पोरांच्या फोनमधले मेसेज तारखेसकट पाहिजेत, कारण एकदा अकाउंट उडालं की हातात काहीच राहत नाही आणि मग तो मुलगा किंवा त्याच्या घरचे "असं काही नव्हतंच" म्हणायला मोकळे. मग त्या प्रोफाइलवर कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून रिपोर्ट करायचं, कारण विचारतात तिथं दुसऱ्याच्या नावानं अकाउंट चालवतोय हा पर्याय निवडायचा. मुलीचं स्वतःचं इन्स्टा नसलं तरी चालतं, इन्स्टाच्या हेल्प सेंटरमध्ये त्यासाठी वेगळा फॉर्म आहे, पालक भरू शकतात. आणि हे स्क्रीनशॉट स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका हो, प्लीज. आपण काळजीनं टाकतो, पण तिथनं ते कुठं जातील यावर आपला ताबा राहत नाही आणि उद्या गावात कुणीतरी त्या पोरीकडं बघून हसतंय.

फोटो साधाच असेल, नुसतं नाव आणि फोटो चोरून अकाउंट काढलं असेल, तर अशा केसेस सहसा आयटी अ‍ॅक्टच्या ६६-सी आणि ६६-डी कलमात बसतात, दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलगा अल्पवयीन असल्यामुळं त्याच्याबाबत सगळं बाल न्याय कायद्यानं होणार, पण गुन्हा तो गुन्हाच. मात्र फोटोत काही अश्लील बदल केले असतील, हल्ली एआयनं कपडे काढलेले फोटो बनवतात ना तसलं काही असेल, तर मग शाळेत बसून मिटवामिटवी करायचा प्रश्नच येत नाही. ते पोक्सोत येतं, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा २०१२ चा कायदा आहे, त्यात कलम १९ नं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर त्याला स्वतःला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हेडमास्तरांना हे शांतपणे सांगा, बऱ्याच जणांना माहितीच नसतं, शाळेचं नाव खराब होईल म्हणून झाकायला बघतात आणि स्वतःच अडकतात. असला फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला फॉरवर्ड करायचा नाही, अल्पवयीन मुलीचा असा फोटो पाठवणं हाच त्याच आयटी कायद्याच्या ६७-बी खालचा वेगळा गुन्हा आहे. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आहे, फुकट लागतो. टेक इट डाउन म्हणून एक फुकटची सेवाही आहे, १८ च्या खालच्या मुलांसाठीच, तिथं फोटो अपलोड करावा लागत नाही, फोनमध्येच त्या फोटोचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि तेवढाच जातो, मग इन्स्टा-फेसबुकसारख्या कंपन्या तो ठसा जुळला की फोटो काढून टाकतात.

आता त्या मुलाचं. प्रार्थनेला उभं करू नका. मी हे अगदी कळकळीनं सांगतेय. त्यानं वाईटच केलंय, त्यात वाद नाही, पण सगळ्या शाळेसमोर माफी म्हणजे सगळ्या शाळेसमोर त्या मुलीचं प्रकरण परत एकदा वाचून दाखवणं आहे, ज्या पाचवीच्या पोरांना माहितीसुद्धा नव्हतं त्यांनाही संध्याकाळपर्यंत नाव कळणार, आणि कुणी ना कुणी त्याचाही व्हिडिओ काढणार. कायद्यानंही अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख पसरवायला मनाई आहे. त्याला आई-वडलांसकट ऑफिसात बोलवा, त्यानं स्वतःच्या हातानं, तुमच्यासमोर, काय केलं ते लिहून द्यायचं, आणि स्क्रीनशॉट झाल्यावर अकाउंट डिलीट करायचं. मुलीला त्याची माफी हवी आहे का ते तिला विचारायचं. नको म्हणाली तर नको. तिच्यापुढं त्याला नेऊन उभं करायचा अधिकार आपल्याला नाही.

आणि मोबाईलबंदी. एसडीएमसीच्या लोकांचा राग मला समजतो, तालुक्याच्या गावात काय, बेळगावात काय, निपाणीत काय, सगळीकडं पालक हेच म्हणतात. पण टीचर, तुमच्याच पत्रात उत्तर आहे बघा. मुलगी आठवडाभर पोट दुखतंय म्हणाली. का? तिला माहिती होतं की खरं सांगितलं तर पहिल्यांदा फोन जाणार, मग "तुला डान्स करायला कुणी सांगितलं होतं" होणार, आणि काही घरांत तर शाळाच बंद होऊन मामाकडं रवानगी. म्हणजे फसवणाऱ्याची जी धमकी असते, "घरी सांगतो", ती आपणच त्याच्या हातात देतोय. मुलं आपल्याशी बोलायची बंद झाली की आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं, आणि पैशाचं प्रकरण असो की फोटोचं, ह्यात पहिला तासच महत्त्वाचा असतो. त्यामुळं माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांना शिकवायची पहिली गोष्ट सेटिंग नाही. चूक झाली तरी येऊन सांगता येतं, सांगणाऱ्याचा फोन जात नाही, ही खात्री पहिली. बाकी सगळं त्यानंतर. दिल्ली हायकोर्टानंही २०२५ मध्ये एका शाळकरी मुलाच्या केसमध्ये म्हटलं होतं की शाळेत स्मार्टफोनवर सरसकट बंदी योग्यही नाही आणि शक्यही नाही, त्यापेक्षा शाळेत फोन जमा करायची सोय करा आणि जबाबदारीनं वापरायला शिकवा. मीटिंगमध्ये कुणी ऐकत नसेल तर हे सांगा, कोर्टाचं नाव घेतलं की जरा ऐकतात.

दुसरं, आपल्याकडच्या घरांत मुलांच्या हातात फोन न देणं जमतच नाही. घरात फोन एकच, तो आईचा, वडील गोव्याला कामाला. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार आले का ते त्याच फोनवर, स्कॉलरशिपचा ओटीपी त्याच फोनवर, आणि आलेला मेसेज कन्नडमध्ये नाहीतर इंग्लिशमध्ये. वाचणार कोण? पोरगंच. शाळेत कन्नड शिकतंय म्हणून घरात कन्नड वाचता येणारं तेच एकटं असतं कितीदा तरी. म्हणजे तुम्ही वर्गात तीस-पस्तीस मुलांना शिकवलंत तर तीस-पस्तीस घरांतले मेसेज वाचणारे तयार केलेत, हे हेडमास्तरांना सांगा. म्हणूनच एक तासाचं दुष्परिणामांवरचं भाषण नको. भाषण पोरं ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन रील बघतात. त्यापेक्षा आठवड्याला एक असे तुमच्याच मराठीच्या तासातले चार-पाच तास घ्या. तुम्हाला फोनमधलं निम्मं कळत नाही म्हणता, हरकत नाही, उरलेलं निम्मं पोरांना कळतं, त्यांच्याकडनं फळ्यावर लिहून घ्या. तुम्हाला माणसं कळतात, मेसेजमधली भाषा कळते, फसवणूक तर भाषेतनंच होते की.

पहिला तास लग्नपत्रिकेवर घ्या. खरंच. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्याच नंबरवरनं एक फाइल येते, नाव काहीतरी "लग्नपत्रिका" किंवा "आमंत्रण", आणि शेवटी डॉट एपीके. फळ्यावर मोठ्या अक्षरात तेवढंच लिहा, डॉट एपीके, आणि विचारा, ही पत्रिका आहे का? पत्रिका एकतर फोटो असते नाहीतर पीडीएफ, उघडली की दिसते. ही फाइल दाबली की फोन स्वतःच अडवतो, ह्या ठिकाणाहून अनोळखी अ‍ॅप घालायला परवानगी नाही असं दाखवतो, आणि खाली सेटिंगमध्ये जायचं बटन असतं. इथंच थांबायचं असतं. पण मनात पत्रिका बघायची असते म्हणून माणूस सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करतो, मग ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, तीही देतो, आणि आता बँकेचा ओटीपी आला की तो आईच्या आधी चोराला दिसतो. तो फोन मग तीच फाइल सगळ्या कॉन्टॅक्टना पाठवतो, म्हणून तर मामाच्या नंबरवरनं येते. वर्गात दोन प्रश्न पाठ करून घ्या: लग्नाच्या पत्रिकेला अ‍ॅप कशाला लागतंय, आणि पत्रिकेला माझे एसएमएस कशाला वाचायचेत? ट्रॅफिक दंडाच्या नावानं, गॅस कनेक्शनच्या नावानं, गृहलक्ष्मीचा अडकलेला हप्ता सोडवून देतो म्हणून, कशाच्याही नावानं आली तरी प्रश्न हेच.

आणि चुकून दाबलंच तर? हे शिकवल्याशिवाय तास संपवू नका. नेट लगेच बंद करायचं, दुसऱ्या फोनवरनं बँकेला फोन करून खातं थांबवायचं, आणि पैसे गेले असतील तर १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. हा नंबर देशभर एकच आहे, आपल्याकडनं लावा नाहीतर पलीकडं चंदगडातनं लावा. जितक्या लवकर लावाल तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवता यायची शक्यता जास्त, म्हणून फोन करताना बँकेच्या मेसेजमधला व्यवहार नंबर हाताशी ठेवायचा. नंबर पोरांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, आणि घरी आईच्या फोनमध्ये सेव्ह करून या असा होमवर्क द्या. यूपीआयचंही एकच वाक्य: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणाला की तो काढून घेणारा.

दुसऱ्या तासाला इन्स्टावर बोला, आणि मुलींना-मुलांना वेगवेगळं बसवू नका, ह्यात मुलांनी ऐकायचं जास्त आहे. हात वर करायला सांगा, अकाउंट काढताना जन्मसाल कुणी खरं टाकलंय? फार कमी हात वर येतील. १३ च्या खाली अकाउंट काढता येत नाही म्हणून पोरं लहानपणीच २००० नाहीतर १९९८ टाकून मोकळी होतात, आणि त्याचा तोटा त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो. २०२५ पासून भारतातही इन्स्टा १८ च्या खालच्यांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट ठेवतं, अनोळखी माणूस थेट मेसेज करू शकत नाही, आणि १६ च्या खाली असेल तर हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण साल १९९८ असेल तर इन्स्टाच्या हिशेबानं तुमची आठवीतली पोरगी पंचविशीच्या पुढची बाई आहे, तिला यातलं काहीच मिळत नाही. म्हणजे खोटं वय टाकून आपण स्वतःचीच कडी काढून ठेवली. हे समजलं ना की पोरं सेटिंग स्वतःहून बदलतात, रागवायला लागत नाही. त्याच तासात व्हॉट्सअ‍ॅपची डीपी फक्त कॉन्टॅक्टना दिसेल असं करायचं, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावायचा, तो पिन आईलाही सांगून ठेवायचा, नाहीतर आईचंच व्हॉट्सअ‍ॅप अडकून बसेल.

पण सेटिंगपेक्षा मोठी गोष्ट परवानगीची. दुसऱ्याचा फोटो काढायच्या आधी विचारायचं, टाकायच्या आधी परत विचारायचं, आणि "काढ" म्हणाली की काढायचा. गॅदरिंगचे फोटो आपण मोठी माणसंच शाळेच्या ग्रुपवर, फेसबुकवर धडाधड टाकतो, नावासकट, वर्गासकट. त्यातनंच तो फोटो त्या मुलाला मिळाला नसेल कशावरनं? पुढच्या वर्षीपासून गॅदरिंगचे फोटो कोण काढणार आणि कुठं टाकणार हे शाळेनं ठरवून पालकांची सही घ्यावी, हा ठराव तुम्ही एसडीएमसीत मांडा. मुलांना शिकवतो ते आधी आपण पाळलं तरच ते ऐकतील.

एक तास फॉरवर्डवर पाहिजेच, आपल्या भागात तर पाहिजेच. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकचा राज्योत्सव आणि आपला काळा दिन, जवळ आला की कुठलेकुठले जुने व्हिडिओ फिरायला लागतात, दगडफेक कुठली, साल कुठलं, काही पत्ता नसतो, आणि खाली लिहिलेलं असतं "आत्ताचं बेळगाव". २०२५ च्या फेब्रुवारीत मराठी-कन्नड बोलण्यावरनं बस कंडक्टरला मारहाण झाल्याच्या प्रकरणावरनं कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडच्या बस बंद झाल्या होत्या, कॉलेजची पोरं अडकली, दवाखान्याला निघालेली माणसं अडकली. तापलेल्या वातावरणात एका खोट्या व्हिडिओनं काय होऊ शकतं हे आपल्याला दुसऱ्यानं सांगायला नको. आपलं मराठीवरचं प्रेम, आपली मागणी, ती आपल्या जागी आहे, ती मांडायला खोटा व्हिडिओ कशाला लागतोय? मुलांना एक जुना फोटो द्या आणि गूगल लेन्सनं तो पहिल्यांदा कधी आणि कुठं आलाय ते शोधायला लावा. शोधून सापडल्यावर जो चेहरा होतो ना पोरांचा, तो बघण्यासारखा असतो, नंतर ती घरच्या मोठ्यांनाच दुरुस्त करायला लागतात. आणि शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलांबद्दल काही घाणेरडं आलं तर ते आपल्यापाशीच थांबवायचं, हे स्पष्ट शब्दांत सांगा, गोल गोल नको.

एआयवरही थोडं बोला, कारण निबंध तिकडनं उतरवून यायला सुरुवात झालीच असेल, तुम्ही मराठीच्या, तुम्हाला ओळखू येत असणार. पकडून मारण्यापेक्षा असं करा, एआयला राजहंसगडाबद्दल नाहीतर स्वतःच्या गावच्या जत्रेबद्दल दहा ओळी लिहायला सांगायच्या, आणि घरी आजोबांना वाचून दाखवून चुका शोधून आणायच्या. आपल्या खेड्यांबद्दल त्याला फारसं माहिती नसतं पण ते छातीठोक लिहितं. आपल्याला जे माहिती आहे त्यात ते एवढं चुकतं, मग माहिती नाही त्यात किती चुकत असेल, हे त्यांचं त्यांनाच कळू दे. आणि कुणाचाही फोटो असल्या अ‍ॅपमध्ये घालून गंमत करायची नाही, हे ह्याच तासात.

पैशाच्या गेमचं थोडक्यात सांगते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे, तरी लिंका येतात, त्यामुळं नववी-दहावीच्या मुलांना एकदा सांगून ठेवा. साध्या गेममध्येही वस्तू विकत घेता येतात, त्यासाठी आईच्या फोनमध्ये प्ले स्टोअरला खरेदीच्या वेळी दर वेळी पासवर्ड मागायचं सेटिंग करून द्या.

पालकांची मीटिंग मात्र घ्याच, आणि ती संध्याकाळी घ्या, शेतातनं माणसं परत आल्यावर, आयांना खास निरोप द्या. तिथं बंदीचा ठराव करायच्या ऐवजी पालकांकडनं एक गोष्ट कबूल करून घ्या: पोरगं स्वतः येऊन सांगेल तेव्हा फोन काढून घ्यायचा नाही आणि त्या दिवशी हात उचलायचा नाही. रात्री झोपताना फोन आईच्या उशाशी, अभ्यासाच्या वेळी बंद, हे नियम घाला की, नियमाला कोण नाही म्हणतंय. शाळेतही एक माणूस ठरवा ज्याच्याकडं जाऊन सांगायचं, मला वाटतं ती तुम्हीच असाल, कारण पत्र तुम्हीच लिहिलंय, आणि मुलांसाठी एखादे सर बघा, मुलं काही गोष्टी बाईंना सांगत नाहीत. आणि तुमच्याकडं कुणी येऊन सांगितलं तर पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हेच यायला पाहिजे, "कशाला केलंस" हे त्या दिवशी नको.

तक्रारीचं विचारलंत. खानापूरच्या पोलीस स्टेशनला द्या, नाहीतर बेळगावात सीईएन म्हणून सायबरचं वेगळं पोलीस ठाणं आहे तिथं, आणि मुलगी सध्या कोल्हापूरकडं नातेवाइकांकडं असेल तर तिथल्या ठाण्यातही देता येते, हद्दीबाहेरचा आहे म्हणून नोंदवून घ्यायला नाही म्हणता येत नाही, २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तसं स्पष्ट आहे, ते शून्य नंबरनं नोंदवून इकडं पाठवतात. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या पोर्टलवरही भरता येते. भाषेचं असं करा, मुलीच्या आईला बसवून आधी सगळं मराठीत लिहून काढा, तिच्याच शब्दांत, तारीखवार, मग तुमच्या शाळेतल्या कन्नडच्या सरांकडनं नाहीतर मॅडमकडनं तसंच्या तसं कन्नडात लिहून घ्या, पण त्यांना आधी सांगा की ह्यातलं बाहेर एक शब्द जाता कामा नये. सही करायच्या आधी कन्नड कागद आईला मराठीत परत वाचून दाखवायला लावा. स्टेशनला एकटीला पाठवू नका, तुम्ही सोबत जा, दोन्ही कागद आणि स्क्रीनशॉटच्या प्रिंट घेऊन, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. पोचेची एक झेरॉक्स शाळेत, ओरिजिनल आईकडं.